मुक्कामी गाडीचा हिशोब

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्थानकात जाऊन उभं राहावं. एका फलाटावर पुण्याची विनावाहक-विनाथांबा गाडी लागलेली असते. खिडकीवर तिकिटं फाडून झालेली असतात, गाडी भरलेली असते, वेळ झाली की ती निघते. पार दुसऱ्या टोकाच्या फलाटावर, जिथला दिवा बहुधा बंदच असतो, तिथे मुक्कामी गाडी उभी असते. तिच्यात शेवटचा तास करून आलेली कॉलेजची पोरं, बाजार करून परतणाऱ्या बायका, सरकारी दवाखान्याचे कागद पिशवीत घालून बसलेला एखादा म्हातारा, मागच्या सीटखाली पेंडीचं पोतं. वाटेतल्या वाड्यावस्त्यांवर माणसं उतरत जातात आणि शेवटचं गाव येईपर्यंत गाडीत पाच-सहा जण उरतात. चालक-वाहक तिथेच पथारी टाकतात, कधी ग्रामपंचायतीच्या खोलीत, कधी देवळात, कधी गाडीतच. सकाळी सहाला तीच गाडी परत तालुक्याला निघते.

त्या सकाळच्या गाडीतून डबेही येतात. तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या पोरासाठी आईने पहाटे उठून भरलेले, फडक्यात गाठ मारलेले, वर नाव लिहिलेली चिठ्ठी खोचलेले डबे. मी दोन वर्षं अशा डब्यावर काढली आहेत. गाडी लागली की आम्ही चार-पाच पोरं ड्रायव्हरच्या केबिनशी गर्दी करायचो. भाकरी अजून मऊ असायची. त्या वयात हे सगळं आपोआप चालतं असं वाटायचं.

महिनाअखेरीला या दोन्ही गाड्या एकाच तक्त्यात येतात. तक्त्यातला महत्त्वाचा रकाना म्हणजे भारमान, म्हणजे शंभरातल्या किती जागा भरल्या. शेजारी किलोमीटरमागचं उत्पन्न. पुण्याच्या गाडीचे आकडे चांगले दिसतात, मुक्कामीचे मान खाली घालायला लावणारे. अशा वेळी चालक कमी असतील, दोन गाड्या कार्यशाळेत अडकल्या असतील आणि एखादी फेरी बंद करणं भाग असेल, तर कुठली होईल हे सांगायला ज्योतिषी नको. आगार व्यवस्थापकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात एकच फूटपट्टी दिलेली आहे, तो तीच लावणार.

पण या दोन गाड्यांपैकी एसटीचं खरं काम कोणतं? पुण्याची गाडी भरून नेणं की शेवटच्या गावी मुक्काम करणं? दोन्ही, असं उत्तर येईल आणि ते चुकीचंही नाही. मात्र 'दोन्ही' म्हटल्यावर पुढचे प्रश्न सुरू होतात. कोणतं किती, कुणाच्या पैशाने, आणि नीट झालं की नाही हे कशावरून ओळखायचं? एसटीच्या तोट्यावर आपण पुष्कळ बोलतो. माझ्या मते तोटा हा पुढचा भाग आहे. या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर नाहीत, हे मूळ दुखणं आहे.

मराठीत 'धोरण' हा शब्द बिचारा फार झिजलाय. शासन निर्णयाच्या मथळ्यात तो असतो, मंत्र्यांच्या भाषणात असतो, कार्यालयातल्या चौकटीतल्या ध्येयवाक्याखाली असतो. बोलीत मात्र त्याचा अर्थ अजून शाबूत आहे. 'मोठा धोरणी माणूस' असं आपण जरा तिरकसपणे म्हणतो, तेव्हा कुठे थांबायचं, काय सोडून द्यायचं आणि कशासाठी थोडं नुकसान सोसायचं हे ज्याला आधीच ठाऊक असतं, असा माणूस आपल्या मनात असतो. संस्थेच्या धोरणाकडूनही यापेक्षा वेगळी अपेक्षा नसावी. 'प्रवाशांच्या सेवेसाठी' हे वाक्य चांगलं आहे, पण त्यात काय सोडायचं हे नाही. म्हणून ते ब्रीद झालं, धोरण झालं नाही.

कायद्यातच हा पेच आहे. एसटी महामंडळ ज्या १९५० च्या रस्ता परिवहन महामंडळ कायद्याखाली चालतं, त्याचं १८ वं कलम सांगतं की महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि सुसूत्र वाहतूक सेवा द्यावी. २२ वं कलम सांगतं की कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा. म्हणजे अठराव्या कलमाने शेवटच्या गावाला गाडी द्यायची आणि बाविसाव्याने ती तोट्यात जाऊ द्यायची नाही. कायदा करणाऱ्यांना हे दिसलं नसेल असं नाही. दोन्ही टोकं सांभाळायची जबाबदारी त्यांनी चालवणाऱ्यांवर टाकली. शिवाय ३४ व्या कलमाने राज्य सरकारला महामंडळाला निदेश देण्याचा अधिकारही दिला. तेव्हा 'आम्हाला हे हवं आहे' असं लेखी सांगायची वाट उघडी आहे. प्रत्यक्षात त्या वाटेने घोषणा जास्त आल्या.

एक काळ असा होता की हे सगळं न लिहिताही चालून जायचं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली गाडी धावली. पुढे एकेक मार्ग सरकारी होत गेला, खासगी सर्व्हिस मोटारी मागे पडल्या आणि कमाईचे रस्ते एसटीच्या हातात आले. महामार्गावर चार पैसे सुटायचे, त्यावर वाडीची फेरी निघायची. 'गाव तेथे एसटी' ही घोषणा त्या वरकड पैशावर उभी होती. हेही धोरणच होतं, आणि वाईट नव्हतं. फक्त ते कुणी मांडून ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्याचा पाया कधी सरकला हेही वेळेवर कळलं नाही.

पाया सरकला तो वडापने आणि ट्रॅव्हल्सने. जवळच्या पल्ल्यात जीपवाले घुसले, लांबच्या पल्ल्यात रात्रीच्या आरामगाड्या. मग घरोघरी दुचाक्या आल्या. स्थानकापासून २०० मीटरच्या आत खासगी वाहनाने प्रवासी भरू नयेत असा नियम आहे. तो किती पाळला जातो ते स्थानकाच्या दारात उभं राहिलं की ऐकूच येतं. दुधावरची साय दुसऱ्यांनी नेली आणि ताक वाटायचं काम एसटीकडे राहिलं. त्यावर दर काही वर्षांनी नवी गाडी आली. वातानुकूलित शिवनेरी आली, २०१७ मध्ये शिवशाही आली, १ जून २०२२ ला त्याच पुणे-नगर रस्त्यावर विजेवरची शिवाई आली. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर समर्थन करण्यासारखी आहे. पण नव्या गाड्यांची यादी म्हणजे धोरण नव्हे, जसा नवीन भांड्यांचा सेट म्हणजे स्वयंपाक नव्हे.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेला संप आठवा. मागणी होती विलीनीकरणाची, म्हणजे एसटी कर्मचाऱ्यांना राज्य सरकारी कर्मचारी मानण्याची. बातम्यांमध्ये तो पगाराचा संप होता, आणि पगार तुटपुंजे होते हे खरंच आहे. तरी त्या मागणीच्या पोटात हाच प्रश्न होता. आम्ही व्यवसाय चालवतो की सरकारचं काम करतो? सरकारचं काम करत असू, तर सरकारी माणसासारखं वागवा. व्यवसाय करत असू, तर तोट्याच्या फेऱ्या आमच्या माथी का? नेमलेल्या समितीने विलीनीकरण शक्य नाही असं सांगितलं, उच्च न्यायालयाने कामावर परतण्याची तारीख घालून दिली, संप मिटला. प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

त्यानंतर सरकारने एसटीत पैसा ओतला नाही असं कुणी म्हणू नये. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. या सवलतींची भरपाई सरकार महामंडळाला देतं. गाड्यांमध्ये बायकांची गर्दी वाढलेली कुणालाही दिसते. माहेरी जाणं, बाजाराला जाणं, दवाखान्यात जाणं सोपं झालं, आणि या योजनेची चेष्टा करणाऱ्यांनी एकदा भर दुपारी लालपरीत बसून पाहावं. मला ही योजना पटते.

पण धोरण म्हणून तिच्याकडे पाहिलं की एक गोष्ट टोचते. हा पैसा प्रवाशामागे येतो. जिथे प्रवासी जास्त, तिथे भरपाई जास्त. भरलेल्या गाडीला आणखी बळ मिळतं. मुक्कामी गाडीत शेवटच्या टप्प्यात दोन बायका आणि एक आजोबा असतील, तर सरकारकडून दोन अर्धी तिकिटं आणि एक पूर्ण येणार. एवढ्यात डिझेलही निघत नाही. आणि फेरी बंद झाली तर त्या तिघांची सवलत नुसती कागदावर राहते. गाडीच नसेल तर अर्धं तिकीट कशाचं फाडायचं? माणसाला सवलत देणं आणि फेरीला आधार देणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण पहिलं केलं आणि दुसरंही त्यातच आलं असं धरून चाललो.

फेरीला आधार द्यायची कल्पना परकी नाही. विमानांसाठी ती आपण केव्हाच स्वीकारली आहे. केंद्राच्या उडान योजनेत छोट्या शहरांच्या मार्गांसाठी कंपन्यांकडून बोली मागवली जाते, ठरावीक जागांचं भाडं बांधून दिलं जातं आणि खर्च व उत्पन्न यांच्यातली तूट ठरल्या मुदतीपुरती सरकार भरून देतं. मार्ग कोणता, फेऱ्या किती, पैसे किती, किती दिवस, हे सगळं आधी लिहिलेलं असतं. २७ एप्रिल २०१७ ला या योजनेतल्या पहिल्या विमानांचा प्रारंभ झाला, त्यात नांदेड-हैदराबाद हा आपला मार्ग होता. योजनेतले कित्येक मार्ग पुढे बंदही पडले, म्हणून मी तिचं कौतुक करत नाही. एवढंच म्हणतो, की विमानाच्या जागेसाठी जो कागद तयार होतो तो वाडीच्या फेरीसाठी का होऊ नये?

आणि खरं तर उदाहरणासाठी आभाळात पाहायची गरजही नाही. ते एसटीच्या आवारातच उभं आहे, निळ्या रंगाचं. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांमध्ये शाळकरी मुलींसाठी गाड्या धावतात. खेड्यातल्या मुलीची शाळा अंतरामुळे सुटू नये, हा त्यांचा हेतू. पैसा सरकार देतं, गाडी आणि माणसं एसटीची. या गाडीकडून नफ्याची अपेक्षा कुणी करत नाही. तिला विचारायचा प्रश्न एकच असतो: मुली शाळेच्या घंटेआधी पोचल्या का? हेतू, पैसा आणि मोजमाप तिन्ही एका दोरीत ओवलेले आहेत. सगळीकडे हे उत्तम चालतं असा माझा दावा नाही. पण गाडी आली नाही तर कोणतं काम झालं नाही हे तिथे बोट ठेवून सांगता येतं. लाल रंगाच्या मुक्कामी गाडीबद्दल ते सांगता येत नाही.

दुसरं उदाहरण आषाढीचं. पंढरपूरला तात्पुरती स्थानकं उभी राहतात, राज्यभरातल्या आगारांमधून जादा गाड्या निघतात, कुठल्या विभागाची गाडी कुठे लागणार हे आधी ठरतं, जागोजागी दुरुस्तीची पथकं उभी असतात. गणपतीला कोकणात तेच. ज्या संस्थेला वर्षानुवर्षं हे जमतं तिला नियोजन येत नाही असं म्हणणं म्हणजे डोळ्यावर कातडं ओढणं. यात्रेत जमतं कारण तिथे हेतूबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नसतो. वारकरी पोचला पाहिजे आणि परत आला पाहिजे. उरलेल्या वर्षात मात्र एसटीने काय साधायचं आहे हे दर सहा महिन्यांनी बदलतं. कधी उत्पन्न वाढवा, कधी सवलती राबवा, कधी जागांचा विकास करा, कधी गाड्या भाड्याने घ्या. हुकूम सगळे पाळले जातात. त्यांची मोट कोण बांधणार?

मला सुचतं ते अगदी साधं आहे, जवळपास वाण्याच्या वहीसारखं. प्रत्येक आगाराने आपल्या फेऱ्यांच्या दोन वह्या कराव्यात. एक कमाईची, एक कर्तव्याची. कमाईच्या फेऱ्यांना भारमान, उत्पन्न, खर्च सगळं निष्ठूरपणे विचारावं. तिथे ट्रॅव्हल्सशी सामना आहे, भावुक होऊन चालणार नाही. कर्तव्याच्या फेऱ्यांना भारमान विचारूच नये. महिन्यातले किती दिवस गाडी खरोखर गेली, सकाळी शाळेच्या आणि दवाखान्याच्या वेळेला पोचली का, आणि नाही गेली तर कारण काय, एवढंच विचारावं. या दुसऱ्या वहीचा खर्च किलोमीटरच्या दराने सरकारने वर्षाच्या सुरुवातीलाच मान्य करावा, तोटा झाल्यावर मदत म्हणून नव्हे. आणि सरकारला एखादी फेरी परवडत नसेल तर तसं लेखी म्हणावं. परवडत नाही हे म्हणण्यात पाप नाही. ते न म्हणता आगारातल्या कारकुनाकडून हळूच करवून घेणं मात्र बरं नव्हे.

दर तिमाहीला या वह्या उघडून आगार व्यवस्थापकाने तालुक्यातल्या सरपंचांपुढे बसावं. मुंबईतलं मध्यवर्ती कार्यालय आणि ३१ विभाग यांच्यातली बैठक वेगळी, ती होतेच. मी म्हणतो ती बैठक गाडी जिथे पोचते त्या टोकाची. शाळेची वेळ बदलली, आठवड्याचा बाजार हलला, मधला पूल वाहून गेला, हे तिथेच कळतं. फेरीची वेळ वीस मिनिटांनी बदलली तरी भरते, असं कित्येकदा असतं, आणि हे वाहकाला केव्हापासून माहीत असतं. त्याला विचारण्याची जागाच आपण ठेवलेली नाही.

दोन वह्या झाल्या की गाड्यांचा विचारही बदलेल. पाच-सहा माणसांच्या शेवटच्या टप्प्यासाठी चाळीसच्या वर आसनांची गाडी कशाला? छोट्या गाडीने ते काम निम्म्या डिझेलमध्ये होईल. पण खरेदी करताना फेरी कोणत्या कामाची हे ठरलेलं नसेल, तर सगळ्यांसाठी एकच माप येतं.

यावर आक्षेप येणार. पहिला पैशाचा. त्याला उत्तर असं की पैसा जातोच आहे. २०२५ मध्ये सरकारनेच काढलेल्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा १० हजार कोटींच्या पुढे दाखवला आहे. त्याच वर्षी जानेवारीत भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. तिकिटावरचा साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षं सरकारकडे जातो आणि वर्षानुवर्षं सरकार एसटीला मदत देतं. या हाताचं त्या हाताला, आणि दोन्हीकडून उपकाराची भाषा. त्या १० हजार कोटींतले किती गावाला गाडी देण्यापायी गेले आणि किती निव्वळ गलथानपणापायी, हे आज वेगळं करून दाखवता येत नाही. हेच मला सर्वांत जास्त खटकतं. कर्तव्याचा तोटा आणि आळसाचा तोटा एकाच पोत्यात भरले की आळसाला कर्तव्याची झूल मिळते, आणि खासगीकरणवाल्यांना कर्तव्यावर आळसाचा शिक्का मारता येतो.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे: आमदार आपापल्या मतदारसंघातल्या सगळ्या फेऱ्या कर्तव्याच्या वहीत घालायला लावतील. लावतीलच. म्हणून त्या वहीला पानांची मर्यादा हवी. तालुक्यामागे अमुक किलोमीटर, बस्स. नवी फेरी हवी असेल तर कुठली काढायची तेही सुचवा, आणि ते तिमाही बैठकीत सगळ्यांसमोर सुचवा. भांडणं होतील. ती व्हावीतच, फक्त उघड्यावर व्हावीत. मर्यादा किती ठेवायची यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. सह्याद्रीतल्या तालुक्याचं माप मराठवाड्यातल्या सपाट तालुक्याला लावता येणार नाही, एवढं कळतं.

तिसरा आक्षेप 'हे सगळं कागदी आहे' असा असतो. असं म्हणणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, कारण सल्लागार नेमून छापलेले चकचकीत अहवाल सगळ्यांनीच पाहिले आहेत. पण कागद टाळून काय होतं, हे बघायचं तर चौकशीच्या खिडकीशी जावं.

तिथे फळा असतो. गाडीचं नाव, वेळ, फलाट. एखाद्या ओळीपुढे खडूने 'रद्द' लिहिलेलं असतं. कारणाचा रकाना त्या फळ्यावर नसतो. दवाखान्याचे कागद पिशवीत घालून आलेला म्हातारा ते अक्षर लावून वाचतो आणि खिडकीत वाकून विचारतो, "काय ओ सायेब, मुक्कामी का नाही आज?"

"वरून आलंय, बाबा," वाहतूक नियंत्रक सांगतो. तो खोटं बोलत नाही. त्यालाही याहून जास्त कुणी सांगितलेलं नसतं. उद्या असेल का, हे तो सांगू शकत नाही. म्हातारा जरा वेळ तिथेच उभा राहतो, मग पिशवी उचलतो आणि दाराबाहेर, त्या २०० मीटरच्या आतच ओरडणाऱ्या वडापवाल्याकडे चालू लागतो.